कुलूप आणि किल्ली एकाच हाती

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या ग्रंथालय-समितीपुढे यंदा दोन सूचना आल्या आहेत. स्मरणिकेच्या आजवरच्या सर्व अंकांच्या पानांची छायाचित्रे घेऊन ती सर्वांना संगणकावर वाचावयास मिळावीत, ही पहिली. आणि त्या अंकांची कोणी नक्कल करू नये म्हणून त्यांना कुलूप घालावे, ही दुसरी. पहिलीला विरोध करील असा सभासद नसावा. दुसरीवर मात्र समितीत मतभेद झाला, आणि त्या निमित्ताने चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाल्यामुळे आम्ही आपणांपुढे उभे आहोत. विषय काहीसा रुक्ष आहे. तथापि ज्याच्या खिशात फोन आहे अशा प्रत्येकाचा त्याच्याशी नित्याचा संबंध येतो, आणि तसा फोन नसलेला गृहस्थ ह्या सभागृहात शोधूनच काढावा लागेल.

नक्कल करणे हे मुळात पाप नव्हे. छपाईची कला येण्यापूर्वी आपल्याकडे ग्रंथ टिकले ते नकलांमुळेच टिकले. लेखनिक बोरू घेऊन बसे आणि पोथी उतरून काढी. आणि अखेरच्या पानावर, तेल, पाणी व सैल बांधणी ह्यांपासून हिचे रक्षण करा, अशी वाचकाला विनवणी करी. नकलेपासून रक्षण करा, असे काही तो लिहीत नसे. ह्याचे कारण उघड आहे. दुसरी प्रत करण्यास पहिल्या प्रतीइतकेच श्रम पडत, त्यामुळे नक्कल करणारा कोणाचे काही हिरावून घेतो असे कोणास वाटत नसे. छापखाना आला आणि हे गणित पालटले. खिळे जुळविण्याचा सारा खर्च पहिल्या प्रतीवर पडू लागला आणि पुढच्या प्रती स्वस्त झाल्या; तेव्हा दुसऱ्याने जुळविलेल्या ग्रंथावर आयता नफा मिळविण्याचा धंदाही निघाला. इंग्लंडात १७१० मध्ये स्वामित्वहक्काचा पहिला कायदा झाला, तो ह्याच पार्श्वभूमीवर. संगणकाने हेच गणित टोकाला नेले. येथे दुसरी प्रत करण्यास खर्च जवळजवळ शून्य, वेळ क्षणाचा, आणि ती प्रत मुळाहून तिळमात्र कमी नाही. मूळ कोणते आणि नक्कल कोणती हा भेदच ह्या सृष्टीत उरत नाही.

ह्या नव्या सृष्टीतील पहिली जाहीर तक्रार फेब्रुवारी १९७६ मधील आहे. घरच्या घरी संगणक जोडणाऱ्या हौशी मंडळींना उद्देशून वीस वर्षांच्या एका तरुणाने अनावृत पत्र लिहिले. त्याचे नाव बिल गेट्स. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी 'आल्टेअर' नावाच्या यंत्रासाठी 'बेसिक' ही भाषा तयार केली होती. ती भोके पाडलेल्या कागदी फितीवर मिळे, आणि हौशी मंडळी ती फीत विकत घेण्याऐवजी एकमेकांस उतरवून देत. पत्रात गेट्सचे म्हणणे असे होते की, आल्टेअर बाळगणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतली आहे, आणि हिशेब केला तर आमच्या श्रमांचे मोल ताशी दोन डॉलरही पडत नाही. हे पत्र वाचून हौशी मंडळी रागावली. यंत्राला पैसे द्यावे लागतात हे त्यांना मान्य होते. परंतु यंत्रास शिकविलेल्या विद्येलाही पैसे पडतात ही कल्पना त्यांच्या पचनी पडत नव्हती. आज पन्नास वर्षांनंतरही आपल्यांतील पुष्कळांचे मत ह्याहून फारसे निराळे नाही.

तक्रारीने भागले नाही तेव्हा विक्रेत्यांनी कुलपांचा मार्ग धरला. ह्या कुलपांचा इतिहास मनोरंजक आहे, म्हणून त्यावर थोडा वेळ घेतो. १९८० नंतरच्या दशकात प्रोग्राम फ्लॉपीवर येत. फ्लॉपीवरील माहिती वर्तुळाकार पट्ट्यांत आणि त्यांच्या तुकड्यांत लिहिलेली असते. विक्रेते त्यातील एखादा तुकडा मुद्दाम बिघडवीत. नक्कल करणारे साधे साधन तो तुकडा वाचता येत नाही म्हणून थांबे, किंवा त्याजागी चांगला तुकडा लिहून मोकळे होई. आणि प्रोग्राम सुरू होताना, बिघाड जागेवर नाही म्हणजे ही नक्कल, असे ओळखून चालावयाचे नाकारी. म्हणजे दोष असणे हेच अस्सलपणाचे लक्षण! थोड्याच काळात दोषासकट नक्कल करणारे प्रोग्राम बाजारात आले आणि उजळ माथ्याने विकले जाऊ लागले. 'लोटस १-२-३' हा हिशेबाचा प्रसिद्ध प्रोग्राम १९८३ मध्ये आला. त्याची मूळ फ्लॉपी यंत्रात घातल्यावाचून तो चालत नसे. ती फ्लॉपी खराब झाली की पैसे देऊन घेतलेला प्रोग्राम बंद. एका कंपनीने तर फ्लॉपीच्या पृष्ठभागावरच पुसता न येणारी बारीकशी खूण केली. दुसऱ्या कंपनीने ती खूण आहे असे यंत्रास भासविणारा प्रोग्राम काढला. प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९८८ मध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाने दुसऱ्या कंपनीच्या बाजूने निकाल दिला. ज्याने वस्तू विकत घेतली त्याला अडीअडचणीसाठी एक जादा प्रत करून ठेवण्याचा हक्क आहे, आणि हे साधन त्याच्याही उपयोगी पडते, हे त्या निकालातील मुख्य सूत्र होते.

आता कोणी म्हणेल की, ती कुलुपे कच्ची होती. पक्के कुलूप केले असते तर? येथे ह्या विषयाची खरी मेख आहे. गुप्तलेखनाचे शास्त्र जुने आहे. आपल्या महाराष्ट्रात महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले होते, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत संशोधकांनी त्यांचा उलगडा करीपर्यंत ते बाहेरच्यांस अज्ञातच राहिले. कित्येक शतके टिकलेले हे कुलूप आजच्या दृष्टीने मुळीच अवघड नव्हते. मग ते टिकले कसे? ज्याच्यापाशी किल्ली होती त्यालाच ग्रंथ राखावयाचा होता, म्हणून टिकले. लिहिणारा आणि वाचणारा एका पक्षाचे, आणि ज्याच्यापासून लपवावयाचे तो तिसरा, अशी गुप्तलेखनाची रीत आहे. चित्रपटाची तबकडी विकणाऱ्याला मात्र ज्याला दाखवावयाचे आणि ज्याच्यापासून लपवावयाचे तो इसम एकच असतो. ग्राहकाला चित्र दिसावयाचे तर त्याच्या यंत्रात कुलूप उघडलेच पाहिजे. ते उघडावयाचे तर किल्लीही त्याच यंत्रात कोठे तरी असलीच पाहिजे. कुलूप, किल्ली आणि तिजोरी तिन्ही पाहुण्याच्या स्वाधीन करावयाची आणि आत हात घालू नका म्हणावयाचे, असा हा व्यवहार आहे.

१९९६ पासून डीव्हीडीवर जे कुलूप आले त्याचे असेच झाले. प्रत्येक प्लेअर बनविणाऱ्याला किल्ली दिलेली होती. त्यांतील संगणकावर चालणाऱ्या एका प्लेअरमध्ये ती नीट झाकलेली नव्हती, आणि मुळात किल्लीही आखूडच होती. १९९९ च्या ऑक्टोबरात ते कुलूप उघडणारा छोटासा प्रोग्राम जगभर पसरला. त्यात ज्याचे नाव पुढे आले तो नॉर्वेचा योन लेक योहान्सन त्यावेळी पंधरा वर्षांचा होता. त्याच्यावर खटला झाला. २००३ मध्ये, प्रथम जानेवारीत आणि मग अपिलात डिसेंबरात, तो निर्दोष सुटला; स्वतः विकत घेतलेली तबकडी आपल्या सोयीच्या यंत्रावर पाहणे हा गुन्हा नव्हे, असे न्यायालयास वाटले. गाण्यांच्या सीडीवरील कुलुपांची तऱ्हा तर ह्याहून विनोदी. २००२ मध्ये एका प्रकारचे कुलूप तबकडीच्या कडेला साध्या मार्कर पेनाने काळी रेघ ओढली की निकामी होई. २००३ मध्ये दुसऱ्या एका प्रकाराचे रहस्य प्रिन्स्टन विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने जाहीर केले. तबकडी घालताना कीबोर्डावरील 'शिफ्ट'ची कळ दाबून धरावयाची, एवढेच ते रहस्य! कुलूप करणाऱ्या कंपनीने प्रथम त्याच्यावर दावा लावण्याची धमकी दिली. मग लोक हसू लागले तेव्हा ती मागे घेतली.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. घराचे कुलूप दहा चोरांपैकी नऊ जणांना थोपवू शकले तरी उपयोगाचे असते, कारण दहावा चोर एका वेळी एकच घर फोडतो. प्रोग्रामाचे किंवा चित्रपटाचे कुलूप जगात कोठेही, कोणीही, एकदा फोडले की पुरे. उरलेल्या सर्वांना फोडण्याची विद्या यावी लागत नाही, त्यांना फुटलेली प्रत आयती मिळते. मायक्रोसॉफ्टच्याच चार अभियंत्यांनी २००२ मध्ये एक निबंध वाचून आपल्या धंद्याला हे स्पष्ट सुनावले होते. त्यातील एक निष्कर्ष असा की, कुलूपबंद माल विकणाऱ्याची स्पर्धा अखेर त्याच मालाच्या कुलूप नसलेल्या फुकट प्रतीशी असते, आणि त्या स्पर्धेत कुलूप हे मालाचे वैगुण्य ठरते.

शिवाय पुष्कळदा चोर बाहेरचा नसतोच. २००३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी इंटरनेटवर फिरणाऱ्या चोरट्या चित्रपटांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक प्रती धंद्यातल्याच कोणाच्या तरी हातून फुटलेल्या दिसल्या. आपल्याकडील उदाहरण सांगावयाचे तर 'उडता पंजाब' हा चित्रपट १७ जून २०१६ रोजी लागावयाचा होता. तो त्याच्या दोन दिवस आधीच इंटरनेटवर आला, आणि पडद्यावर 'सेन्सॉरसाठी' अशी अक्षरे झळकत होती. ह्याला ग्राहकाच्या यंत्रातील कुलूप काय करणार?

येथवर जे सांगितले त्यावरून कुलूप निरुपयोगी आहे इतकेच निघते. निरुपयोगी वस्तू आपण घरात पुष्कळ ठेवतो. परंतु हे कुलूप निरुपद्रवी नाही, आणि त्याचा उपद्रव ज्याने पैसे मोजले त्यालाच होतो, ही आमची मुख्य हरकत आहे. २००५ मध्ये सोनी बीएमजी ह्या कंपनीने पन्नासच्या वर गाण्यांच्या सीडींवर असे एक कुलूप घातले की, ते सीडी लावणाऱ्याच्या संगणकात गुपचूप शिरून स्वतःस लपवून ठेवी. मार्क रुसिनोविच ह्या तज्ज्ञाने ३१ ऑक्टोबर २००५ रोजी ते उजेडात आणले. ह्या लपण्याच्या जागेचा फायदा घेणारे उपद्रवी प्रोग्रामही पाठोपाठ निघाले, आणि कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या. ज्यांनी तीच गाणी चोरून उतरवून घेतली होती त्यांच्या संगणकास काही झाले नाही. २००९ च्या जुलैत ॲमेझॉनने 'किंडल' ह्या वाचनयंत्रावर लोकांनी विकत घेतलेली काही पुस्तके दूरवरून पुसून टाकली. विकणाऱ्यापाशी हक्क नव्हता असे कारण होते, आणि पैसेही परत केले. ती पुस्तके जॉर्ज ऑरवेलची होती आणि त्यांत '१९८४' ही कादंबरी होती. ज्यांनी ती वाचली असेल त्यांना ह्यातील विडंबन सांगावयास नको. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा घेतलेली सर्व पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांतून नाहीशी झाली. येथेही पैसे परत मिळाले. पण वाण्याने दुकान बंद केले म्हणून आपल्या कोठीतील तांदूळ उचलून नेला, असे आजवर कधी घडले होते काय?

परदेशच्या गोष्टी राहोत. आपल्या स्मरणिकेचेच उदाहरण घ्या. १९९५ पर्यंतचे अंक खिळ्यांवर किंवा टाइपसेटिंगवर छापले गेले. त्यांची पाने पिवळी पडली असली तरी डोळ्यांना दिसतात. १९९६ पासून २००३ पर्यंतचे आठ अंक संगणकावर जुळविलेले आहेत. त्यावेळी देवनागरीचा जो प्रोग्राम मंडळाने रीतसर पैसे भरून घेतला, त्याच्याबरोबर अंगठ्याएवढे एक लॉक आले होते. ते संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या खोबणीत बसवावयाचे. ते नसेल तर प्रोग्राम उघडत नसे. पुढे तो संगणक गेला, नव्या संगणकांना तसली खोबण राहिली नाही, आणि लॉकही गंजले. विक्रेत्याकडे चौकशी केली तेव्हा मूळ पावती आणा म्हणून उत्तर आले. पंचवीस वर्षांपूर्वीची पावती कोठून आणावयाची? अंकांच्या सीडी मंडळाच्या कपाटात सुरक्षित आहेत. त्या उघडल्या तर देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि चौकोन ह्यांची खिचडी दिसते. आमच्या ओळखीचे एक डीटीपी चालक हे ऐकून हसले. त्याच प्रोग्रामाची लॉक तोडलेली प्रत अजून चालू अवस्थेत मिळते, आणून देऊ का, असे त्यांनी विचारले. समितीने नको म्हटले, ते योग्यच झाले. परंतु सभासदहो, ह्याचा अर्थ काय होतो ते पाहा. ज्याने पैसे दिले त्याचे आठ अंक मुके झाले. ज्याने चोरले त्याला ते आजही वाचता आले असते. दिवंगतांना वाहिलेल्या श्रद्धांजली, विद्यार्थी-साहाय्यक निधीचे हिशेब, दोन ज्येष्ठ सभासदांनी लिहिलेल्या आठवणी, असा पुष्कळ मजकूर त्यांत आहे. आणि त्यांतील तीन अंकांची छापील प्रतही मंडळापाशी उरलेली नाही.

आता कायद्याकडे वळू. आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा, आणि तो १९५८ च्या जानेवारीत अमलात आला. १९८४ मध्ये संगणकाच्या प्रोग्रामाला त्यात वाङ्मयाचे स्थान मिळाले. १९९४ च्या दुरुस्तीने चोरटा प्रोग्राम जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस कैद व पन्नास हजार रुपये दंड ठरविला. धंद्यासाठी वापर नसेल तर मात्र न्यायालय कैद न देता दंडही कमी करू शकते. त्याच कायद्याने, प्रोग्राम नष्ट होईल ह्या भीतीने एक जादा प्रत करून ठेवण्याची मुभाही दिली आहे. २०१२ मध्ये कुलूप फोडणे हाच स्वतंत्र गुन्हा झाला, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे; पण येथेही संसदेने एक शहाणपणा केला. ज्या कामाला कायद्याची मनाई नाही अशा कामासाठी कुलूप उघडले तर तो गुन्हा नव्हे, असे स्पष्ट लिहिले. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यापेक्षा ही तरतूद आम्हांस अधिक न्याय्य वाटते. त्याच २०१२ च्या दुरुस्तीने अंध व अपंग वाचकांसाठी पुस्तकाचे ब्रेल वा ध्वनिरूप करण्यास मोकळीक दिली, आणि ह्याच हेतूने झालेल्या मराकेश कराराला २०१४ मध्ये सर्व राष्ट्रांच्या आधी भारताने मान्यता दिली. ही अभिमानाची गोष्ट आहे. सरकारने कडक उपायही योजले आहेत. झोपडपट्टीदादा व हातभट्टीवाल्यांना स्थानबद्ध करण्याचा महाराष्ट्राचा १९८१ चा कायदा २००९ पासून व्हिडिओ-चाच्यांनाही लागू आहे, आणि २०२३ पासून चित्रपटगृहात चोरून चित्रण करणाऱ्यास तीन महिने ते तीन वर्षे कैदेची शिक्षा आहे.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, कायद्याला मर्यादा असते आणि ती विचारपूर्वक घातलेली असते. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या ग्रंथांचा हक्क १९९१ अखेर संपत आला तेव्हा ती वाढविली गेली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तके कोणीही छापू शकतो, आणि गावोगावच्या मुलांस ती स्वस्तात मिळतात. कुलपाला हे काही कळत नाही. त्याला साठ वर्षे मोजता येत नाहीत, अंध वाचक दिसत नाही, पावती हरवलेले मंडळ ओळखता येत नाही. कायदा जेथे हक्क देतो तेथेही ते नाहीच म्हणते.

मग चाचेगिरी कमी झाली ती कशाने? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर १९९० नंतरच्या दशकात ज्यांनी संगणक जोडून घेतला असेल त्यांना ठाऊक आहे की, दुकानदार सर्व प्रोग्राम त्यात भरूनच देई, आणि त्याची किंमत बिलात येत नसे. कारण अस्सल प्रोग्रामांची किंमत डॉलरच्या हिशेबाने ठरे आणि ग्राहकाचा पगार रुपयांत असे. भारत, ब्राझील, रशिया, दक्षिण आफ्रिका इत्यादी देशांचा अभ्यास करून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अहवालानेही, किमती न परवडणाऱ्या असणे हेच चाचेगिरीचे मूळ होय, असा निष्कर्ष काढला. २००७ च्या सुमारास मोजर बेअर ह्या भारतीय कंपनीने चित्रपटाची व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना विकावयास काढली, तेव्हा फुटपाथवरच्या चोरट्या तबकडीचे आकर्षण ओसरले. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळ्यात निघाली, पण त्याची कारणे निराळी. ॲपलने २००९ मध्ये आपल्या दुकानातील सर्व गाण्यांचे कुलूप काढून टाकले, आणि म्हणून गाण्यांची विक्री बंद पडली नाही. माल सुलभ असावा, किंमत खिशाला झेपावी, आणि घेतल्यावर कटकट नसावी, एवढे झाले की बहुसंख्य माणसे चोरीच्या वाटेला जात नाहीत.

एक कुलूप मात्र बरेचसे यशस्वी झाले आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. प्रोग्राम ग्राहकाला द्यावयाचाच नाही, तो कंपनीच्या दूरच्या संगणकावर ठेवावयाचा आणि दरमहा भाडे घेऊन वापरू द्यावयाचा, अशी रीत आता रूढ होत आहे. येथे तिजोरीच पाहुण्याच्या हाती जात नाही, म्हणून ती फुटत नाही. परंतु ग्राहकाचे स्वतःचे असे काहीच उरत नाही. भाडे थकले की काम बंद. आणि चित्रपट किंवा पुस्तक ह्यांना तेही लागू पडत नाही. ते डोळ्यांना दाखवावेच लागते, आणि जे डोळ्याला दिसते त्याचे चित्र घेता येते.

ह्यावरून कोणी असे समजू नये की आम्ही चाचेगिरीची भलावण करीत आहोत. विशाल परदेशी कंपनी नकलांनी बुडाली असे आम्ही पाहिलेले नाही. नकलांमुळे सवय जडते आणि पुढे तेच गिऱ्हाईक होतात, असेही घडते. पण मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार-अकराशे प्रतींची असते, आणि ती खपावयास वर्षे लागतात. अशा पुस्तकाची पीडीएफ दोन-चार गटांवर फिरली की आवृत्तीची आवृत्ती फुकट वाटल्यासारखे होते. दिवाळी अंकांचेही तेच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून अंक काढणारे संपादक आपल्याकडे होऊन गेले, त्यांची परंपरा आज ज्यांनी चालविली आहे त्यांचा अंक बाजारात येतो न येतो तोच फोनवर येऊन थडकतो, आणि पाठविणारा वर हात जोडल्याचे चित्रही पाठवितो! आपल्या ज्ञातिगटावरही गेल्या दिवाळीत असे तीन अंक येऊन पडले. ज्याने ते पाठविले त्या सद्गृहस्थांच्या मनात वाईट काही नव्हते; साहित्यप्रेमच होते. परंतु त्या अंकांत ज्यांची कथा आहे त्या लेखिका ह्याच ज्ञातीतल्या आहेत, त्यांचे मानधन त्या अंकाच्या विक्रीतूनच निघावयाचे आहे, आणि त्या आज ह्या सभागृहात बसल्या आहेत. त्यांच्यासाठी जे करावयाचे ते कोणतेही कुलूप करू शकणार नाही. ते त्या गटावरील दोनशे माणसांनाच करावे लागेल.

म्हणून समितीपुढे आमची सूचना अशी आहे. स्मरणिकेच्या अंकांना कुलूप घालू नये. ज्यावर लेखकाचे नाव नाही असा मजकूर प्रसिद्ध होऊन साठ वर्षे झाली की तो सर्वांचाच होतो; तो विनासंकोच खुला करावा. ज्यांवर नाव आहे त्या लेखांसाठी हयात लेखकांची, अथवा दिवंगतांच्या वारसांची लेखी परवानगी घ्यावी. पत्राचा नमुना चिटणीसांकडे दिला आहे. सभासदांचे पत्ते, दूरध्वनी क्रमांक आणि विवाहेच्छूंची माहिती ज्या पानांवर आहे ती पाने मात्र मुळीच खुली करू नयेत. तो स्वामित्वहक्काचा प्रश्न नव्हे. ती माहिती दिली गेली होती ती आपसांत, जगाला नव्हे, आणि तिला कुलूप घालण्यापेक्षा ती तेथे न ठेवणेच इष्ट. प्रत्येक अंकाच्या किमान तीन प्रती तीन निरनिराळ्या घरी, साध्या स्वरूपात, कोणत्याही लॉकवाचून ठेवाव्यात. जुन्या लेखनिकांनी पोथी जशी टिकविली, त्याच रीतीने.

राहता राहिले ते आठ अंक. त्यांतील पाचांचे पुन्हा टंकलेखन महिला शाखेच्या भगिनींनी छापील प्रतीवरून सुरू केले आहे, आणि दोन अंक पुरेही झाले आहेत. १९९७, १९९९ आणि २००२ ह्या तीन अंकांची छापील प्रत ज्यांच्या घरी, माळ्यावर वा ट्रंकेत असेल, त्यांनी ती येत्या गुढीपाडव्यापर्यंत ग्रंथपालांकडे आणून द्यावी. पाने फाटकी असली तरी चालतील. छायाचित्रे घेऊन झाल्यावर प्रत आठ दिवसांत परत केली जाईल.